पूजेतली पिन

“तिला म्हणावं, साखळीला एवढं कुंकू फासू नको. पुसून निघत न्हाई मागनं,” आबा आईला म्हणाले.

मी आबांच्या शेजारीच बसले होते. साखळी माझ्या मांडीवर होती आणि कुंकवाची वाटी त्यांच्या हातात. तरी निरोप आईच्या मार्फत आला, कारण आबा माझ्याशी बोलत नव्हते. शिमग्याच्या आधी मी नवऱ्याचं घर सोडून एक पिशवी घेऊन माहेरी आले, ‘परत जाणार नाही’ एवढंच उंबऱ्यात सांगितलं, आणि त्या दिवशी आबांनी तोंडात जी मिठाची गुळणी धरली ती दसरा आला तरी सोडली नव्हती. बाकी सगळ्यांशी बोलायचे. म्हशीशीसुद्धा बोलायचे.

“ती बसलीया न्हवं हितंच,” आई म्हणाली. “तुमीच सांगा की.”

“तू सांग.”

“त्यांना सांग, पुसते म्हणावं,” मी आईला म्हणाले. मीही त्यांचीच मुलगी. बोलायचं नाही म्हटल्यावर मी काय पाय धरणार होते?

खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे कामाची हत्यारं देवापुढं मांडतात. विळे, कुऱ्हाड, पहार, नट-बोल्टचे पाने, सगळं धुऊन, पुसून, ओळीनं. आबांच्या लेखी त्या सगळ्यांत मान ट्रॉलीच्या पिनेचा. ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात ट्रॉलीच्या दांडीचं कडं बसवायचं आणि दोन्हींतून ही मनगटाएवढी जाड पिन आरपार सोडायची. धक्क्यानं ती वर उसळू नये म्हणून खालच्या भोकात क्लिप. आणि एवढं करूनही दगा झालाच, तर ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून साखळी. हे सगळं जागेवर असल्याशिवाय आबांनी ट्रॅक्टर कधी बांधाबाहेर काढला नाही. कारखान्यावर ऊस घालायला गेले की वाटेत जिथं थांबतील तिथं उतरून पिनेला हात लावून बघायचे. बाकीचे ड्रायव्हर टिंगल करायचे, की आबा बायकोचा हात सोडतील पण पिनेचा नाही.

आणि एकदा पूजेत मांडलं, नारळ फुटला, की दसऱ्याला दुपारी सोनं लुटेपर्यंत त्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही. हाही नियम आबांचाच, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, म्हणजे सगळ्या गावाचा. “वरीसभर ती आपला भार वढत्यात,” ते म्हणायचे, “एक दिस त्यांना टेकू द्या.” तो एक दिवस गावातली एकही ट्रॉली जोडली जात नसे. मला ते आवडायचंही. खोटं कशाला बोलू?

पूजा झाली आणि आबा झेंडूची माळ घेऊन ट्रॅक्टरकडे गेले. ट्रॅक्टरची पूजा दुपारी व्हायची होती. माझा धाकटा भाऊ जालिंदर नुकताच तो धुऊन हौदावर हात धूत होता. आबा मडगार्डवर चढले, छताच्या कोपऱ्याला माळ बांधायला हात वर केला, आणि ओल्या पत्र्यावरून पाय सटकला. मी दारातच होते. आबा हौदाच्या दगडी कडेवर कमरेखालच्या बाजूला आपटले. आवाज मी ऐकला. कसा होता ते सांगत नाही.

उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळून पडला होता आणि तो त्यांना हलवता येत नव्हता.

शेजारच्या वस्तीवरून हैबती तात्या पळत आले. आबांच्या बरोबरीचे, जन्माचे सोबती. त्यांनी पाय बघितला आणि मान हलवली. “खुबा गेला. दवाखान्यात न्यायला लागंल. आन् बसवून न्हाई न्यायचं, आडवाच.”

गावात एकच जीप होती, ती सकाळीच माणसं भरून देवीला गेली होती. एसटी संध्याकाळी. फोन ग्रामपंचायतीत, आणि ग्रामपंचायतीला कुलूप. मोबाइल वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. तालुक्याचा दवाखाना खिंडीच्या पलीकडे.

“ट्रॉली जोडतो,” जालिंदर म्हणाला. “आक्का, पिन आन् साखळी आण.”

मी देवघराकडे वळले.

“हात लावायचा न्हाई!” जमिनीवर पडलेल्या माणसाचा तो आवाज वाटला नाही. “नारळ फुटलाय. पूजा मोडायची न्हाई.”

“आबा, आवं दवाखान्यात जायचंय,” जालिंदर रडकुंडीला आला.

“ट्रॅक्टरची पूजा व्हायची हाय, त्यो चालंल. पिन न्हाई. दुसरं कायतरी घाल.”

दुसरं काय घालणार? हैबती तात्यांची पिन त्यांच्या देवापुढं होती. आख्ख्या गावाच्या पिना आपापल्या देवांपुढं कुंकू लावून पडल्या होत्या. ज्याच्या दारात जावं तो ‘उद्या ये’ म्हणाला असता, आणि आबांनी मलाही तसंच वाढवलं होतं.

जालिंदरनं नांगराचा जुना बोल्ट शोधून काढला. लांबीला पुरेसा होता, पण पिनेच्या निम्माही जाड नव्हता. कड्यात घातला की इकडून तिकडे खडखडायचा. क्लिप लावायला भोक नव्हतं. त्यानं खालून तार गुंडाळली. साखळी नव्हतीच.

“जालिंदर, ही तार माझ्या बोटांनी वाकतीय,” मी म्हणाले.

“हळू नेतो गं आक्का.”

“खिंडीत चढ आहे.”

“मग काय करू? तू सांग त्यांना!”

मी काय सांगणार? माझं बोलणं त्यांच्या कानांपर्यंत जायलाच मधे माणूस लागत होता. मी आईला बाजूला ओढलं. “तू उचल. त्यांच्याकडं बघू नको, नुसती उचल आणि जालिंदरच्या हातात दे.” आईनं देवघराकडे बघितलं, मग आबांकडे. तिनं आयुष्यात त्यांचा शब्द ओलांडला नव्हता. पण तिचा पाय जागचा हलला नाही. तिला तरी काय बोलू? मीही उचलली नाहीच.

घटाचा दिवा तेवत होता. तो सोडून आईनं जायचं नाही, हेही आबांनीच पडल्या जागेवरून सांगितलं. जालिंदरची बायको बाळंतपणाला माहेरी. हैबती तात्या म्हणाले, मोटारसायकलला पेट्रोल बघतो आणि मागनं येतो. ट्रॉलीत आबांबरोबर जायला मीच उरले. मी चढले तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले. दुखण्यानं मिटले की मला बघून, कोण जाणे.

त्यांना गोठ्याच्या फळीवर घेऊन मागच्या बाजूनं ट्रॉलीत सरकवलं होतं. खाली कडबा आणि गादी. आणखी पुढं ढकलायला गेलो तर ते असे ओरडले की तसेच मागच्या फाळक्याजवळ, ट्रॉलीच्या दाराशी, राहू दिले. मी पुढच्या टोकाला, दांडीच्या अंगाला, पाठ टेकून बसले. मधे मोकळी ट्रॉली. वाटलं असतं तर त्यांच्या उशाशी बसता आलं असतं. पण सात-आठ महिने ज्यानं आपल्याकडे पाहिलं नाही त्याचं डोकं मांडीवर कसं घ्यायचं, ते मला कळेना.

सपाटीला काही झालं नाही. जालिंदर अंड्यांची पाटी न्यावी तसा नेत होता. दर खड्ड्याला तो बोल्ट कड्यात खणकन वाजायचा, आणि दर वेळी आबांचे डोळे उघडायचे. तो आवाज त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

खिंडीचा चढ लागला. ट्रॅक्टर खालच्या गिअरवर घुरघुरायला लागला, धूर माझ्या तोंडावर यायला लागला. मी वाकून दांडीकडे पाहिलं. तारेचं एक टोक सुटून रस्त्यावर घासत होतं.

“जालिंदर! थांब! जालिंदर!”

सायलेन्सर त्याच्या कानाशी. त्याला काय ऐकू जाणार? मी खडा शोधला, नव्हता. पायातली चप्पल काढून मारली, ती मडगार्डला लागून खाली पडली. वळणाच्या तोंडाला एक खड्डा आला, बोल्ट वर उसळलेला मला दिसला, आणि तो परत खाली गेला नाही.

ट्रॅक्टर पुढं गेला. आम्ही गेलो नाही.

मला अजूनही आठवतं ते हे, की आधी धक्का वगैरे काही बसलाच नाही. नुसतं भावाच्या पाठीचं आणि माझं अंतर वाढत गेलं. मग दांडी धाडकन रस्त्यावर आपटली आणि ट्रॉली मागं निघाली. दांडीचं टोक डांबर खरडत होतं, त्याचा आवाज दातांत जात होता. मागं आधीचं वळण, त्या वळणाला चुना लावलेले दगड, आणि दगडांपलीकडे नुसती दरी. मी देवाचं नाव घेतलं की आईचं, आठवत नाही.

दांडीचं टोक रस्त्याच्या उखडलेल्या कडेत रुतलं आणि ट्रॉली थांबली. वाकडी. मागचा फाळका कठड्याच्या दगडांवरून बाहेर गेला होता.

“आबा!” मी उठले आणि त्यांच्याकडे धावले. दोन पावलं टाकली असतील, दांडी उचलली गेली, ट्रॉली मागं ढळली. मी तशीच उलटी फिरून जागेवर आदळले. दांडी परत रुतली.

तेव्हा कळलं. दोनच चाकांची ट्रॉली, चाकं मधोमध. मागं आबांचं वजन, पुढं माझं. मी पुढं बसले होते म्हणून नाक खाली रुतून होतं. मी त्यांच्याकडे गेले की संपलं. खाली उतरले तरी संपलं. चाकाला दगड लावायलासुद्धा उतरता येत नव्हतं. जालिंदर वळणापलीकडे गेला होता. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबला, म्हणजे त्याला कळलं होतं. पण त्या चढावर त्याचा हँडब्रेक धरत नसे. आधी चाकांना दगड लावल्याशिवाय त्यालाही ट्रॅक्टर सोडून येता येणार नव्हतं.

दांडीखालून खडी सुटत होती. मला ऐकू येत होतं. थोडी सुटायची, थांबायची, परत थोडी.

“शालन,” आबा म्हणाले.

माझं नाव. मी हो म्हणायचं विसरले.

“शालन, उडी मार.”

“मी उतरले तर ट्रॉली जाईल आबा.”

“जाऊ दे. तू उतर.”

“नाही.”

“बापाचं ऐकत जा कवातरी!”

“बाप बोलतो कुठं ऐकायला?” हे मी अशा वेळी बोलले. आजही लाज वाटत नाही, पण हसूही येत नाही.

खडी सुटली. ट्रॉली इंचभर मागं गेली आणि फाळक्याखालचा एक पांढरा दगड खाली गडगडला. कितीतरी वेळ गडगडत होता. आबांनी तो आवाज संपेपर्यंत ऐकला. मग त्यांनी कोपर टेकलं.

“काय करताय? हलू नका. हैबती तात्या म्हणालेत हलायचं नाही!”

कोपरावर जोर देऊन त्यांनी अंग पुढं ओढलं. वळलेला पाय गादीवरून घासत आला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“आबा, नका! जालिंदर येतोय, येईलच आता. आबा, पाया पडते!”

“गप बस. जाग्यावर बस. हलायचं न्हाई तू.”

मी बसले. दुसरं काही करायचं माझ्या हातात नव्हतं. दोन्ही हात मोकळे, अंगात बळ, आणि बाप पुढ्यात मोडलेल्या हाडावर सरपटतोय, त्याला हात द्यायला उठायचं नाही. मी ट्रॉलीची कड इतकी घट्ट धरली की नखं उलटली. मी रडत होते, ओरडत होते, पण बसून. चाकांच्या अलीकडे येईपर्यंत त्यांना यायलाच हवं होतं, आणि प्रत्येक वेळी कोपर टेकलं की त्यांच्या डोळ्यांतलं काळं वर जायचं.

मधे एकदा ते थांबले. गाल ट्रॉलीच्या तळाला टेकला. मला वाटलं शुद्ध गेली.

“शालन.”

“हां आबा.”

“त्यो मारायचा का तुला?”

आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

“हो.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“कुणाला सांगू? तुम्ही उंबऱ्यातच पाठ फिरवली.”

त्यांनी डोळे मिटले. “व्हय,” म्हणाले. “फिरवली.” आणि परत कोपर टेकलं.

चाकांवरून पुढं आले तशी दांडी आणखी खाली बसली. मला ती बसलेली माझ्या बुडाखाली कळली. खडीचा आवाज थांबला. ते आणखी पुढं आले. गरज नव्हती तरी आले. त्यांचा हात माझ्या पायाला लागला, त्यांनी घोटा पकडला आणि धरून ठेवला. मी त्यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. घामानं आणि कडब्याच्या भुशानं भरलेलं.

जालिंदर पळत वळणावर आला तेव्हा त्याला आम्ही दोघं पुढच्या टोकाला दिसलो आणि गादी पार मागं, दरीवर. तो रस्त्यातच खाली बसला. मग उठून त्यानं चाकांखाली दगड लावले, इतके लावले की भिंत झाली.

तरी पिन नव्हतीच. बोल्ट दरीत गेला होता. जालिंदर खालीवर बघत होता आणि मी बापाचा घाम पुसत होते. सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबांचे ओठ निळे पडत चालले होते, आणि आम्ही दोन धडधाकट पोरं काहीही करू शकत नव्हतो. दवाखाना त्या खिंडीच्या पलीकडे. खिंड ओलांडली की पुढचा सगळा उतारच होता.

खालून मोटारसायकलचा आवाज आला. हैबती तात्या, आणि मागं आई. आईच्या मांडीवर टोपलं. टोपल्यात पिन आणि साखळी, कुंकू अजून ओलं.

“तुमी नजरंआड झालासा आन् माझा जीव ऱ्हाईना,” आई जालिंदरला सांगत होती. “दिव्याला हात जोडलं आन् उचलली. लवकर उचलाय पायजे हुती रं. लई येळ नुसती बघत बसले.” मग ती ट्रॉलीशी आली आणि पहिल्यांदाच आबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, “पूजा मी मोडली. काय पाप लागायचं ते मला लागू द्या.”

आबांनी टोपल्याकडे पाहिलं. “क्लिप आणलीस का?”

आईनं पदराची गाठ सोडून क्लिप काढली.

जालिंदर ट्रॅक्टर मागं घेऊन आला. हैबती तात्यांनी आणि त्यानं दांडी उचलून कडं हुकात बसवलं. पिन एका दणक्यात आरपार गेली, क्लिप लागली, साखळी अडकली. आई ट्रॉलीत चढली. आबांनी माझा घोटा सोडला नव्हता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर घरी जेवत होते, त्यांना उठवून आणलं. त्यांनी पायाचा फोटो काढला, बराच वेळ उजेडाला धरून पाहिला, आणि आमच्याकडे वळले ते चिडूनच. हाड नुसतं तडकून जागेवर राहिलं असतं तर बसवता आलं असतं, म्हणाले. आता ते पार सरकलंय, त्यानं आतलं सगळं फाडलंय. पुण्याला न्या, करतील ते करतील, पण हा माणूस चालण्याची आशा धरू नका. आणि तसंच झालं. पुढं सोळा वर्षं आबा जगले, पण स्वतःच्या पायांवर कधी उभे राहिले नाहीत. त्यांचं सगळं मी केलं, आणि ते करताना आम्ही इतकं बोललो की आई वैतागायची.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर फोटो हातात धरून विचारत होते.

“नुसतं पडल्यानं असं होत नाही. मोडलेल्या पायावर याला कुणीतरी ओढलंय. कुणी ओढलं?”

जालिंदरनं माझ्याकडे पाहिलं.

“कुनी न्हाई,” आबा स्ट्रेचरवरून म्हणाले. “माझा मीच सरकलो.”

“या पायानं?” डॉक्टरांचा विश्वास बसेना. “अहो, कशाला?”

आबांनी मान वळवून मला शोधलं. मी भिंतीशी उभी होते.

“पोरगी लांब बसली हुती,” ते म्हणाले.